गोळ्यांचा डबा कोणाकडे?

वय २१, स्त्री, पदवीचं शेवटचं वर्ष. निदान: सिव्हिअर अप्लास्टिक अ‍ॅनिमिया. बोन मॅरो, म्हणजे अस्थिमज्जा, रक्तपेशी बनवणं जवळपास थांबवते तो आजार. उपचार: एटीजी, सायक्लोस्पोरिन आणि एल्ट्रॉम्बोपॅग (ही औषधं काय करतात ते पुढे येईल). पाचव्या महिन्यात, काउंट (रक्तपेशींची संख्या) चढत असतानाच, प्लेटलेट (रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशी) ४१,००० वरून २३,००० वर घसरल्या आणि सायक्लोस्पोरिनची रक्तातली लेव्हल ६२ आली (हवी होती २०० च्या आसपास). असं का झालं हे कळायला जवळपास महिना गेला. या प्रकरणात सांगण्यासारखं जे आहे ते मुख्यतः त्या महिन्यातलं आहे.

एक खुलासा आधीच करतो. ही कुणा एका मुलीची फाइल नाही. या उपचारातून जाणाऱ्या तरुण रुग्णांच्या बाबतीत जे पुन्हा पुन्हा घडताना दिसतं, ते एका रुग्णाच्या वाटचालीत गुंफून मांडलं आहे. आकडेही त्या वाटचालीला साजेसे घेतले आहेत.

निदानापर्यंत

पायांच्या नडग्यांवर काळेनिळे डाग, दात घासताना हिरड्यांतून रक्त, दोन जिने चढले की धाप. पाळी नवव्या दिवशीही थांबेना, तेव्हा घरचे डॉक्टरकडे घेऊन गेले. त्याआधी महिनाभर ती लोहाच्या गोळ्या घेत होती, कारण तरुण मुलगी, जास्त रक्तस्राव आणि फिकटपणा हे एकत्र दिसलं की सगळ्यांना तेच सुचतं. पण लोह कमी पडलं तर तांबड्या पेशी आकाराने लहान होतात. हिच्या रिपोर्टमध्ये एमसीव्ही १०४ होता, म्हणजे पेशी नेहमीपेक्षा मोठ्या. हा एक आकडा कुणी नीट पाहिला असता तर ते तीन-चार आठवडे वाचले असते.

हिमोग्लोबिन ५.८, न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ३१०, प्लेटलेट ९,०००. तिन्ही प्रकारच्या पेशी एकदम खाली, आणि नव्या तांबड्या पेशी जवळपास तयारच होत नव्हत्या. बोन मॅरोच्या तुकड्यात पेशींचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आत, बाकी सगळी चरबी. कॅन्सरच्या पेशी नाहीत. हा आजार गंभीर कधी म्हणायचा याचे निकष १९७६ पासून जवळपास तेच आहेत: मॅरो २५ टक्क्यांहून कमी भरलेला, आणि न्यूट्रोफिल ५०० च्या खाली, प्लेटलेट २०,००० च्या खाली, नव्या तांबड्या पेशी अत्यल्प, या तीनपैकी किमान दोन गोष्टी. हिच्यात तिन्ही होत्या.

बहुतेक रुग्णांत हा शरीराच्या स्वतःच्या टी-पेशींनी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींनी) मॅरोतल्या मूळ पेशींवर केलेला हल्ला असतो. तरुण वयात मात्र जन्मजात मॅरो-दोष आधी वगळावे लागतात, कारण त्यात उपचाराची दिशाच बदलते. म्हणून फॅन्कोनी अ‍ॅनिमियासाठी क्रोमोसोमची तपासणी झाली, टेलोमिअरची (क्रोमोसोमच्या टोकांची) लांबी मोजली, पीएनएचसाठी (मूळ पेशीत नंतर झालेल्या बदलामुळे तांबड्या पेशी फुटतात तो आजार) फ्लो सायटोमेट्री झाली. पहिल्या दोन नॉर्मल आल्या. पीएनएचचा छोटा क्लोन, म्हणजे तसा बदल असलेल्या पेशींचा छोटा गट, मिळाला. निम्म्याच्या आसपास रुग्णांत तो असतो आणि त्याने काळजी वाढत नाही, उलट आजार प्रतिकारशक्तीच्या हल्ल्यातून आलाय या बाजूने तो एक पुरावा असतो.

आता निदान तिला कसं कळलं ते. आईवडिलांनी डॉक्टरांना बाहेर बोलावून सांगितलं, "तिला एवढ्यात काही सांगू नका, घाबरेल." त्याच वेळी आत पलंगावर ती मोबाइलवर स्वतःचा मॅरोचा रिपोर्ट वाचत होती. लॅबची लिंक तिच्याच नंबरवर आली होती. दोन दिवस ती आपल्याला ल्युकेमिया झालाय असं धरून चालली, आणि घरच्यांपासून आपल्याला कळलंय हे लपवत राहिली. घरचे तिच्यापासून लपवत होते, ती त्यांच्यापासून. हे चित्र नवीन नाही, पण इथे ते लक्षात ठेवायला हवं, कारण पुढे जे झालं त्याची सवय याच दोन दिवसांत लागली.

कोणता उपचार

या वयात सख्ख्या भावंडाचा मॅरो पूर्ण जुळला तर ट्रान्सप्लांट हाच पहिला पर्याय. प्रत्येक सख्ख्या भावंडाची जुळण्याची शक्यता २५ टक्के. तिला एकच भाऊ, सतरा वर्षांचा, आणि तो अर्धाच जुळला. रिपोर्ट आल्यावर दोन आठवडे तो तिच्याशी धड बोलत नव्हता. "मी उपयोगाचा नाही ना," असं त्याने शेवटी सिस्टरना विचारलं. त्याला सांगावं लागलं की जुळणं-न जुळणं हे नशिबाचं वाटप आहे, आणि गरज पडली तर अर्ध्या जुळणीवरही ट्रान्सप्लांट करता येतो. तो पर्याय राखून ठेवला, बाहेरच्या दात्यांच्या नोंदीत शोध सुरू केला आणि औषधांचा मार्ग धरला.

याच सुमारास नातेवाइकांना एक गोष्ट पटवणं जड गेलं. सगळे रक्त द्यायला तयार, रांग लावून. आणि त्यांना सांगायचं की तुमचंच रक्त नको. पुढे घरातल्या कुणाचा मॅरो घ्यायची वेळ आली, तर त्यांच्या रक्ताची ओळख तिच्या शरीराला आधीच झालेली नको असते. तसं झालं तर मॅरो नाकारला जाण्याचा धोका वाढतो. म्हणून रक्त आणि प्लेटलेट बाहेरच्या दात्यांच्या, पांढऱ्या पेशी गाळलेल्या आणि रेडिएशन दिलेल्या. एका मामांना शेवटपर्यंत हा अपमानच वाटला.

एटीजी म्हणजे घोड्याच्या शरीरात तयार केलेली, माणसाच्या टी-पेशींवर चाल करून जाणारी प्रतिद्रव्यं. सशापासून केलेलं एटीजीही मिळतं, पण २०११ च्या एका मोठ्या चाचणीत सहा महिन्यांनी प्रतिसाद घोड्याच्या एटीजीला ६८ टक्के आणि सशाच्या ३७ टक्के असा निघाला. पहिल्या उपचाराला घोड्याचंच वापरावं हे त्यानंतर बहुतेकांनी मान्य केलं. सायक्लोस्पोरिन टी-पेशींना पुढे महिनोन् महिने दाबून ठेवतं. एल्ट्रॉम्बोपॅग उरल्यासुरल्या मूळ पेशींना वाढायला उद्युक्त करतं. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते जोडल्यावर सहा महिन्यांचा एकूण प्रतिसाद ४१ वरून ६८ टक्क्यांवर गेला. हे आकडे डॉक्टरांनी या खेपेला तिलाच सांगितले. तिने विचारलं, "उरलेल्यांत मी असले तर?" तेव्हा ट्रान्सप्लांटचा राखीव पर्याय तिला पहिल्यांदा सविस्तर समजावला गेला.

एटीजीचे चार दिवस थंडी वाजून ताप, अंगावर चट्टे, दर तासाला बीपी. दहाव्या दिवशी सीरम सिकनेस, म्हणजे घोड्याच्या प्रथिनांवर शरीराची उशिरा येणारी प्रतिक्रिया: सांधे इतके धरले की पाण्याचा ग्लास उचलवेना. स्टिरॉइड चालू होतं, त्यात चार दिवसांनी सुटका झाली. पाळी थांबवण्यासाठी नॉरएथिस्टेरॉन पहिल्या दिवसापासून दिलं होतं. नऊ-दहा हजार प्लेटलेटवर पाळी येणं म्हणजे आणखी काही पिशव्या रक्त, आणि तरुण मुलींच्या उपचारात ही गोष्ट विचारायची राहूनच जाते.

सांगितल्याची किंमत

घरी गेल्यावर नियम आले. गर्दी नको, मऊ ब्रश, घरात पडणार नाही याची काळजी, ब्रुफेन-अ‍ॅस्पिरिन वर्ज्य, १००.४ च्या वर ताप टिकला किंवा एकदाही १०१ झाला तर ताबडतोब हॉस्पिटल. हे सगळं बरोबरच होतं. त्यात घरचे नियम मिसळले. तिसऱ्या आठवड्यात नाकातून थोडं रक्त आलं. तिने सांगितलं. त्या दिवसापासून तिच्या खोलीचं दार उघडं राहू लागलं आणि बाथरूमची कडी लावायची बंदी झाली. आईचं म्हणणं साधं होतं, "आत चक्कर येऊन पडली तर?" त्याला उत्तर देणं अवघड आहे. मैत्रिणीशी फोनवर बोलताना आवाज दमल्यासारखा वाटला, म्हणून फोनची वेळ ठरली.

पाचव्या आठवड्यात रात्री अकराला ताप १०१.५. तिने थर्मामीटर उशीखाली ठेवला आणि सकाळी सहाला सांगितलं. न्यूट्रोफिल त्या वेळी १८० होते. अशा तापात हॉस्पिटलला पोहोचल्यावर तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं, आणि हिचे सात तास घरीच गेले होते. सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसात बुरशीचा संशय घेण्याजोग्या गाठी दिसल्या, व्होरिकोनॅझोल सुरू झालं. हे औषध सायक्लोस्पोरिनची लेव्हल वाढवतं, म्हणून सायक्लोस्पोरिनचा डोस निम्मा केला. हा तपशील पुढे लागणार आहे.

रात्रभर का सांगितलं नाहीस, असं सगळ्यांनी विचारलं. ती म्हणाली, झोप लागली होती. सगळ्यांनी ते मान्य केलं. माझ्या मते त्या रात्रीचा हिशेब सरळ होता. जे जे सांगितलं त्याबद्दल काहीतरी काढून घेतलं गेलं: कडी, दार, फोन. ताप सांगितला तर घरच काढून घेतलं जाणार होतं.

पाचवा महिना

नवव्या आठवड्यात न्यूट्रोफिल ५०० च्या वर गेले. रक्त चढवण्यातलं अंतर आठवड्यावरून दोन, मग तीन आठवड्यांवर. चौथ्या महिन्याअखेर प्लेटलेट न चढवता ४१,०००, हिमोग्लोबिन ८.९. या आजारात एवढं म्हणजे प्रतिसाद मिळाला. घरात महिन्यांनी कुणी मोठ्याने हसलं असेल.

व्होरिकोनॅझोल थांबवलं आणि ठरल्याप्रमाणे सायक्लोस्पोरिनचा डोस परत वाढवला. तरी पुढची लेव्हल ६२. या टप्प्यावर ती २०० च्या आसपास हवी होती. प्लेटलेट २३,०००. डॉक्टरांचा तर्क रास्त होता: बुरशीचं औषध गेल्यावर लेव्हल पडतेच, डोस अजून कमी पडतोय. सकाळचा डोस घेण्याआधी रक्त दिलं होतं ना, हेही विचारून झालं. डोस आणखी वाढवला. हे बोलणं आईसमोर झालं. घरी जाताच गोळ्यांचा डबा आईने स्वतःकडे घेतला आणि प्रत्येक कॅप्सूल समोर उभं राहून गिळायला लावली.

तीन आठवड्यांनी लेव्हल ४६०, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा, वाढला की वाईट) ०.८ वरून १.४, बीपी १५०/९६, हात थरथरत होते.

इथे कोडं सुटायला हवं होतं आणि सुटलं. एवढ्याशा वाढीव डोसने लेव्हल सात पट होत नाही. एकच अर्थ निघतो: आधी लिहून दिलेला डोस पुरता पोटात जातच नव्हता, आता संपूर्ण जातोय, आणि तो न घेणाऱ्या रुग्णाच्या हिशेबाने वाढवलेला आहे. गोळ्या चुकण्याला औषधशास्त्रातलं कारण चिकटवलं की असं होतं; पुढे कुणी त्या गोळ्या नेमाने दिल्या की किडनीवर येतं.

सिस्टरनी आईला रिपोर्ट आणायला पाठवलं आणि मुलीला विचारलं. "गोळ्या घेतेस ना" असं विचारलं की उत्तर "हो"च येतं. त्यांनी विचारलं, "आई बघायला लागायच्या आधी आठवड्याला साधारण किती डोस राहायचे?"

ती थोडं थांबून म्हणाली, "संध्याकाळचे. बहुतेक सगळे."

"मग एल्ट्रॉम्बोपॅग?"

"नाही, ती एकदाही नाही चुकवली. ती काउंटची गोळी आहे."

दुधाच्या पदार्थांपासून चार तासांचं अंतर, रिकामं पोट, रोजची ठरलेली वेळ: एल्ट्रॉम्बोपॅगचे सगळे जाच तिने काटेकोर पाळले होते. म्हणजे ही मुलगी बेशिस्त नव्हती. तिच्या डोक्यातली मांडणी अशी होती: एटीजी हे खरं औषध, ते झालं. एल्ट्रॉम्बोपॅगने काउंट वाढतात. आणि सायक्लोस्पोरिनने हनुवटीवर केस येतात. हिरड्या सुजून दातांवर आल्या होत्या. कॅप्सूलचं पाकीट फाडलं की येणारा वास तिला सहन होत नव्हता. काउंट वाढलेच होते, मग ती एक गोळी अर्ध्यावर आणली तर काय बिघडलं? सायक्लोस्पोरिन हाच रोजचा उपचार आहे, ते घाईने कमी केलं तर टी-पेशी पुन्हा उठतात, हे तिला कुणी थेट सांगितलेलंच नव्हतं. डिस्चार्जच्या दिवशी गोळ्यांची माहिती आईला दिली गेली होती. कागदावर सही आईची.

केसांबद्दल तिने एकदा विषय काढला होता. ओपीडीत, दाराशी, निघता निघता. "जीव वाचला ते बघ," असं उत्तर मिळालं. उत्तर देणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. पण एकवीस वर्षांच्या मुलीला मिळालेला हा जीव ज्या चेहऱ्याने लोकांसमोर न्यायचा होता, त्या चेहऱ्याबद्दल ती विचारत होती.

काय बदललं

डोस खाली आणला, दोन आठवड्यांत क्रिएटिनिन ०.९. बीपीच्या गोळ्या निवडताना हिरड्यांचा विचार केला, कारण त्यातल्या काही गोळ्या सायक्लोस्पोरिनसोबत हिरड्या आणखी सुजवतात. केसांसाठी इलेक्ट्रिक ट्रिमर. प्लेटलेट कमी असताना ब्लेड नाही आणि वॅक्सिंग तर मुळीच नाही. प्लेटलेट ५०,००० च्या वर गेल्यावर दातांच्या डॉक्टरांकडे हिरड्यांची सफाई. टॅक्रोलिमसवर जायचं का, हेही तिच्यापुढे ठेवलं. त्याने केस आणि हिरड्यांचा त्रास कमी होतो, पण या आजारात सायक्लोस्पोरिनचा अनुभव कितीतरी मोठा आहे. तिने सहा महिन्यांचा निकाल लागेपर्यंत आहे तेच घ्यायचं ठरवलं. ठरवलं तिने, हे महत्त्वाचं. त्यानंतर लेव्हल १८० ते २३० च्या मध्ये राहिली.

प्रत्येक भेटीतला पहिला भाग ती एकटी आणि डॉक्टर, मग आई आत. डबा तिच्याकडे. राहिलेला डोस तिने फोनवर सिस्टरना कळवायचा, आणि त्यावरून घरी चौकशी होणार नाही. या शेवटच्या अटीवर टीममध्येच वाद झाला. एक डॉक्टर म्हणाले, उद्या काही झालं तर आईला काय सांगणार? प्रश्न खोटा नव्हता. शेवटी मधला मार्ग निघाला: ताप आणि रक्तस्राव घरी लगेच सांगायचा, त्याला अपवाद नाही, गोळ्यांचं मात्र तिचं तिने.

आईला हे कुणी सांगायचं? तिनेच सांगितलं. आई रडली, मग चिडली. "हॉस्पिटलनेच मला लक्ष ठेवा म्हटलं होतं ना!" म्हटलं होतंच. चार महिने ही बाई रात्री दोनदा उठून मुलीचं कपाळ चाचपत होती, आणि अचानक तिला मागे सरका म्हणणं हा अन्यायच. त्यामुळे तिच्याकडे एक खरं काम आलं: रक्ताच्या पिशव्यांची वही. तारीख, पिशवी, रिअ‍ॅक्शन. त्या वहीतूनच कळलं की तांबड्या पेशींच्या चौदा पिशव्या झाल्यात. एका पिशवीत २०० ते २५० मिलिग्रॅम लोह, म्हणजे तीन ग्रॅमच्या आसपास, जवळपास निरोगी माणसाच्या शरीरात एकूण असतं तेवढंच, आणि शरीराला ते बाहेर टाकायची वाटच नाही. फेरिटिन (शरीरातल्या लोहसाठ्याचा अंदाज देणारा आकडा) १,५०० च्या वर निघालं. लोह काढायच्या गोळ्या सायक्लोस्पोरिनसोबत किडनीला जड जातात, म्हणून त्या मागे ठेवल्या. हिमोग्लोबिन सुधारल्यावर थोडं थोडं रक्त काढून लोह उतरवायचं ठरलं. दानात मिळालेल्या रक्तासाठी पाच महिने धडपडलेल्या घराला हे ऐकून हसावं की रडावं कळेना.

सहाव्या महिन्यात हिमोग्लोबिन १०.२, न्यूट्रोफिल १,४००, प्लेटलेट ६८,०००. रक्त चढवणं बंद. एल्ट्रॉम्बोपॅग थांबवलं. वर्षाअखेर प्लेटलेट १,०४,०००. त्यानंतर सायक्लोस्पोरिन अगदी हळू, महिन्याला थोडं असं उतरवायला घेतलं. औषधांनी सुधारलेल्यांत साधारण तिघांपैकी एकाला आजार परत गाठतो, आणि काहींना वर्षांनंतर पीएनएच किंवा मायलोडिस्प्लासिया (मॅरोचा कॅन्सरकडे झुकणारा बिघाड) होतो, म्हणून मॅरो आणि क्लोनची तपासणी चालूच राहणार. गरोदरपणात आजार उलटू शकतो, हेही तिला एकटीला बसवून सांगितलं गेलं आणि गर्भनिरोधनाबद्दल मोकळं बोलणं झालं. तिचे प्रश्न लिहून आणलेले होते.

चौदाव्या महिन्यात, डोस तिसऱ्यांदा कमी केल्यावर, प्लेटलेट ८२,०००. रिपोर्ट तिच्या मोबाइलवर आला आणि ओपीडीची वाट न बघता तिने सिस्टरना फोन केला: "एकही डोस चुकलेला नाही, तरी उतरल्यात." त्यामुळे या वेळी कारण शोधण्यात महिना गेला नाही. डोस आधीच्या पायरीवर परत नेला. तिला दोन दिवसांनी मैत्रिणींसोबत बाहेरगावी जायचं होतं. ते रद्द करायचं का, असं तिने विचारलं. जा, पण आजाराची माहिती असलेलं पत्र आणि थर्मामीटर सोबत ठेव, असं सांगितलं गेलं. दोन आठवड्यांनी ७९,०००, पुढच्या महिन्यात ९१,०००. डोस कमी करणं तूर्त तीन महिन्यांसाठी थांबवलं आहे.